कौसल्येच्या हाताची बरकत

तीन बांगड्यांत नऊ माणसं जेवून तृप्त झाली, आणि तिथून कौसल्येचे हाल सुरू झाले.

तिचा नवरा दत्ताराम परब लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. भोईवाड्यात मोरजकर चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. नवरा, बायको आणि दोन मुलं. त्या संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर बोट लागली आणि दत्तारामाच्या गावचे सहा जण ट्रंका-वळकट्या घेऊन सरळ त्याच्या दारात येऊन उभे राहिले. येताना गावचं काही आणायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं होतं. महिन्याची अखेर होती. दत्तारामानं बायकोकडे असं पाहिलं, की शेजारच्या कमळाबाईला वाटलं, गावाकडे कुणीतरी वारलं.

कौसल्येनं पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी दिलं, पदर खोचला आणि ती शेगडीकडे वळली. पुढं जे झालं त्यात जादू कसलीच नव्हती. घरात मासे म्हणून तीनच बांगडे होते. बांगड्याचे होतात असं लोक समजतात त्याहून जास्त तुकडे तिनं केले. डोकी वेगळी ठेवली, कारण डोकं चोखायला वेळ लागतो. वाटपात नारळ निम्मा घातला आणि दाटपणासाठी भिजवलेले तांदूळ वाटून लावले. कालवणात शेवग्याच्या शेंगा सोडल्या. शेंग चावायलाही वेळ लागतो, आणि ताटाशेजारी चोथ्याचा ढीग दिसला की आपण पुष्कळ जेवलो असं माणसाला वाटतं. सुरुवातीला सगळ्यांना कढत पेज दिली, वर भाजलेल्या सुक्या बोंबलाचा चुरा. त्यानं भुकेची पहिली धार गेली. मग भाकरी, तीही अर्धी अर्धी. आणि भात सगळ्यात शेवटी. "आणखी वाढू?" हे ती विचारायची ते समोरच्याचं तोंड भरलेलं असताना. मग माणूस बोलू शकत नाही, नुसता हात आडवा करतो.

ही विद्या ती आईकडून शिकली होती आणि आई आजीकडून. त्या घराण्यात कुणी पोटभर जेवल्याचं ऐकिवात नव्हतं, पण पाहुणा उपाशी उठल्याचंही नव्हतं.

पाहुणे ढेकर देऊन उठले, गॅलरीत जाऊन पानतंबाखू करत बसले. कौसल्या सगळ्यांच्या मागून जेवली. म्हणजे भाताच्या टोपाची खरवड काढली, कालवणाचा टोप पाण्यानं विसळून ते पाणी त्या खरवडीवर ओतलं आणि मोरीकडे तोंड करून चार घास खाल्ले. ते कुणी पाहिलं नाही. घरची बाई शेवटी काय जेवते हे पाहायची रीत त्या घरात नव्हती, आणि त्या चाळीतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दत्तारामानं ही हकिगत साचेखात्यात सांगितली. सांगताना तीन बांगड्यांचे दोन झाले आणि जेवणारे नवाचे पंधरा. ऐकणाऱ्यांत दगडू नावाचा एक सडाफटिंग साचेवाला होता. खानावळीच्या जेवणानं त्याच्या पोटाची वाट लागली होती. तो विचार करून म्हणाला, "ह्याला कसब म्हणत नाय, दत्तारामा. ही बरकत. तुझ्या बायकोच्या हाताला बरकत आहे."

या एका शब्दानं घात केला. कसब म्हटलं असतं तर लोकांनी चार दिवस कौतुक केलं असतं आणि सोडून दिलं असतं. कसबाला कष्ट लागतात, सामान लागतं, हे सगळ्यांना समजतं. बरकतीला काहीच लागत नाही. ती असते. त्यामुळे तिच्यापुढं ताट घेऊन बसायला कुणाला संकोच वाटायचंही कारण नाही.

पहिला दगडूच आला. तो भला माणूस होता, दारात चपला काढून आत येताना त्यानं स्वच्छ सांगितलं, "वैनी, आपल्यासाठी वेगळं काय करू नका. आहे त्यात भागेल. तुमच्यात भागतंच." आणि तो रोज यायला लागला. मग गावची माणसं आली. कुणी नोकरी शोधायला, कुणी परळच्या इस्पितळात डोळे दाखवायला, आणि कुणी, दत्तारामाच्या बायकोबद्दल गावात ऐकलं होतं म्हणून, नुसतंच. प्रत्येक जण जेवून उठताना तिच्या हाताकडे आदरानं पाहायचा. टोपाकडे कुणी पाहत नसे.

एके दिवशी कमळाबाई तांदळाचा डबा उचलून घेऊन आली. म्हणाली, आमच्यात वीस तारखेपुढं डबा टिकत नाही, तू नुसता एकदा हात फिरव. कौसल्येनं समजावून पाहिलं. तांदूळ धुताना वरचं पाणी कसं टाकायचं नाही, भाताच्या आधी पेज का द्यायची, हे सांगू लागली. कमळाबाईला त्यात रस नव्हता. तिनं डबा पुढं सरकवला. शेवटी कौसल्येनं त्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. दुसऱ्याच्या तांदळात हात घालून उभी असताना, त्यातली एक मूठ परत येताना आपल्याकडेच राहिली तर काय होईल, असा विचार तिच्या मनात आला. आणि तो आला म्हणून पुढं दिवसभर तिला स्वतःचीच लाज वाटत राहिली. दुपारी आणखी तिघी डबे घेऊन आल्या.

चाळीत संयुक्त महाराष्ट्र समितीचं सगळं काम नाना बघायचे. नाना एका कचेरीत कारकून, अविवाहित, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं लावणारे. चळवळीपुढं त्यांना तहानभूक सुचायची नाही, आणि इतरांना ती सुचत असेल असंही त्यांच्या ध्यानात यायचं नाही. भित्तिपत्रकं चिकटवणारी मुलं, बाहेरगावचे वक्ते, सायंकाळच्या फेरीत घसा बसलेले घोषणावाले, सगळ्यांना ते दुसऱ्या मजल्याचा रस्ता दाखवायला लागले. चळवळ फार दिवस चालणार होती, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं कौसल्येलाही वाटायचं, पण आता ती लवकर मिळावी असं वाटायचं.

तिनं काय काय केलं नाही? दुधीची सालं तिळात परतून चटणी केली. कोथिंबिरीच्या देठांचं सार केलं. नारळाचं दूध काढून झालं की तो चोथा भाजून तिखटमीठ लावून डावीकडे वाढला. एक सुका बोंबील निखाऱ्यावर धरला की त्या वासावर माणसं निम्मा भात नुसताच खातात, हेही तिनं वापरून पाहिलं. जितकं जमत गेलं तितकी माणसं वाढत गेली, आणि आलेला प्रत्येक नवा माणूस तिच्याच वाट्यातून जेवत होता. खरवड सुद्धा आता पोरांसाठी ठेवावी लागे. तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या.

एकदा तिनं नवऱ्याकडे विषय काढला.

"अहो, दगडूक जरा सांगा. रोज रोज येव नको."

"कित्याक? पुरना नाय?"

इथं तिचं अडलं. 'पुरना नाय' हे दोन शब्द तिच्या तोंडून बाहेर पडेनात. तिच्या आईनं ते कधी उच्चारले नव्हते. घरात तेल नसताना सुद्धा तिची आई म्हणायची, आज फोडणी नकोच वाटली.

"पुरता," कौसल्या म्हणाली, "पण..."

"मगे झाला," दत्ताराम म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं. त्याला रोज डोळ्यांसमोर माणसं जेवून उठताना दिसत होती.

मग तिनं ठरवलं, आपणच आपलं नाव घालवायचं. एका संध्याकाळी तिनं कालवणात मूठभर मीठ जास्त टाकलं. हाय खाऊन माणसं यायची बंद होतील, असा तिचा हिशेब. माणसांनी दोन घास खाल्ले, तांब्या तांब्या पाणी ढोसलं आणि पोटं भरली म्हणून उठली. टोपात कालवण उरलं. गेल्या कित्येक दिवसांत उरलं नव्हतं. दगडूनं ते सगळ्यांना दाखवलं. इतकी माणसं जेवून वर उरलंय, याला काय म्हणाल? चाळीत पुन्हा एकदा बभ्रा झाला. उरलेलं कालवण इतकं खारट होतं की ते कौसल्येलाही खाता आलं नाही.

समोरच्या चाळीत शांता राहायची. तिचा नवरा गुणाजी माझगावच्या गोदीत कामाला. रॉकेलच्या रांगेत दोघींची ओळख झाली होती आणि रांग लांब असल्यामुळे ती वाढली होती. शांताच्या घरात दोन वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून धर्म बदलला, तेव्हापासून त्यांच्यातले उपासतापास बंद झाले होते. एकदा रांगेत तिनं कौसल्येचं मनगट धरलं आणि वर गेलेल्या बांगड्या खाली ओढून पाहिल्या.

"आम्ही तर उपास सोडले," ती म्हणाली. "तू कुठल्या देवाचा धरलायस गं?"

कौसल्या आधी हसली. मग तिला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. डबा खाली ठेवून तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तीन बांगड्यांपासून सगळं सांगितलं. शांता एवढंच म्हणाली, "बोलून नाय कळायचं त्यांना. एकदा टोप रिकामा दिसू दे. नाही पुरलं तर नाही पुरलं. तू कुणाचं काय घेतलेलं नाहीस."

ती संधी नानांनी आणून दिली. शिवाजी पार्कावर समितीची मोठी सभा ठरली. कोकणातून बोटीनं स्वयंसेवक येणार, आणि त्यांच्या दुपारच्या जेवणाची सोय चाळींनी वाटून घ्यायची. मोरजकर चाळीत नानांनी बिऱ्हाडवार वाटणी केली. प्रत्येक बिऱ्हाडाकडे दोन पाहुणे आणि परबांकडे वीस. समितीकडून त्यांनी शिधाही पाठवला, दहा माणसांचा.

"नाना," कौसल्या म्हणाली, "हा दहांचा आहे."

"हो. म्हणून तर तुमच्याकडे वीस दिले." नाना प्रसन्नपणे म्हणाले. "वहिनी, तुमच्याकडे आकड्याचा प्रश्नच येत नाही."

त्या सकाळी कौसल्येनं आईची सगळी विद्या गुंडाळून ठेवली. दहा माणसांच्या शिध्यात दहा माणसांचा स्वयंपाक केला. काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, नारळ हात आखडून नव्हे तर खरोखर घालून. तांदूळ वाटून लावले नाहीत. पेज केलीच नाही. सांबाऱ्याला उकळी आली तेव्हा त्याचा वास तिलाच ओळखू येईना, इतक्या दिवसांत तिनं असं काही शिजवलं नव्हतं.

गॅलरीत सतरंज्या अंथरल्या. पहिली पंगत दहा जणांची बसली. कौसल्या मोकळ्या हातानं वाढत गेली. "आणखी वाढू?" हे तिनं समोरच्याचं तोंड रिकामं बघून विचारलं, आणि माणसं हो म्हणाली. एक म्हातारा स्वयंसेवक म्हणाला, "बाय माझे, आवशीच्या हातचा जेवलंय असा वाटला." हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्याला न विचारता आणखी एक डाव वाढला. वाढण्यात असं सुख असतं हे ती विसरूनच गेली होती.

पहिली पंगत उठली. दुसरी बसली. नानांनी गॅलरीच्या टोकाकडून हाक दिली, भात येऊ द्या.

"भात संपला, नाना," कौसल्या म्हणाली.

नाना हसले. त्यांना ती थट्टा वाटली. ते आत आले आणि त्यांनी झाकण उचललं. मग ठेवलं. मग पुन्हा उचललं. दत्ताराम पुढं झाला, त्यानं टोपात डाव घालून तळाशी फिरवला. ती खरखर गॅलरीभर ऐकू गेली. सांबाऱ्याच्या टोपात वाटाणेही मोजता आले असते. दत्तारामाचं तोंड पांढरंफटक पडलं. दगडू दाराशी उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरून तर देवळातली मूर्ती चोरीला गेल्यासारखं दिसत होतं.

पंगतीत बसलेल्या दहा जणांपैकी एक पोरगेलासा स्वयंसेवक समजुतीनं म्हणाला, "काय हरकत नाय. आम्ही पाणी पिऊन जातंव." त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाळीला इतकं लागलं नसतं. कौसल्येला वाटलं होतं, या घडीला आपल्याला सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. दहा उपाशी माणसांसमोर उभं असताना आईची आठवण होऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गोष्ट आता तिच्या एकटीची राहिली नव्हती. सभेला आलेली माणसं मोरजकर चाळीतून उपाशी गेली, हे आजूबाजूच्या चाळींनी जन्मभर ऐकवलं असतं. कमळाबाई घरात गेली आणि आपला भाताचा टोप घेऊन बाहेर आली. मग एकेक दार वाजायला लागलं. कुळथाची पिठी आली, सुकटीचं कालवण आलं, भोपळ्याची भाजी, चपात्या, कुणाकडची लापशी. समोरच्या चाळीतून शांता पळत जिना चढून आली, तिच्या हातात मसुराच्या आमटीचं भलंमोठं पातेलं. कमळाबाई एरवी शांताच्या हातचं पाणी घेत नसे. तिनं तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि वाढायला सुरुवात केली. विचार करायला त्या वेळी कुणाला सवडच नव्हती.

दुसरी पंगत पहिलीहून चांगली जेवली. स्वयंसेवक घोषणा देत जिना उतरून गेले. कौसल्येच्या दारात मात्र सगळ्या चाळीची भांडी राहिली, कुठं निम्मी, कुठं पाऊण भरलेली. जो तो आपल्याकडून कमी पडायला नको म्हणून होतं नव्हतं ते घेऊन आला होता. बायका भांडी ओळखून न्यायला थांबल्या होत्या. दत्ताराम हातात डाव घेऊन तसाच उभा होता. आपण अजून या घराचे यजमान आहोत हे दाखवावं म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "आता जेवूचा कोण रवला?"

"मी," कौसल्या म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिला जेवताना कुणीच कधी पाहिलं नव्हतं. ती दारातच बसली, ताट पुढं ओढलं. डाव दत्तारामाच्याच हातात होता, म्हणून तो वाढायला वाकला.

तिनं भात आणि पिठी खाल्ली. मग भात आणि मसुराची आमटी. चपात्या किती खाल्ल्या ते बायका आधी मोजत होत्या, नंतर त्यांनी सोडून दिलं. सुकटीचं कालवण संपलं, भोपळा संपला. ती घाई करत नव्हती, इकडे तिकडे बघत नव्हती. खाली मान घालून एका लयीत जेवत होती, आणि ताट रिकामं झालं की ते नुसतं पुढं करत होती. पहिल्यांदा दत्तारामानं चेष्टेनं वाढलं. दुसऱ्यांदा कौतुकानं. पुढं त्याचा हात जड व्हायला लागला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "सकाळी जेवलंस नाय?"

"सकाळी नाय," ती म्हणाली. घास गिळून म्हणाली, "कालय नाय."

लापशीचं पातेलं त्यानं तिच्या ताटात उपडं केलं आणि हातानं निपटून वाढलं.

दत्तारामाला समजलं. बाकीच्यांना मात्र जे डोळ्यांनी दिसलं तेच समजलं. सायंकाळपर्यंत ते तळमजल्यापर्यंत पोचलं आणि दुसऱ्या दिवशी साचेखात्यात. वीस माणसांचा स्वयंपाक का पुरला नाही, याचा उलगडा आता सगळ्यांना झाला होता. अहो, बरकत कसली घेऊन बसलात, ती बाई एका बैठकीत चाळीची भांडी रिकामी करते. नानांनी आपल्या वाटणीतून परबांचं बिऱ्हाड वगळलं आणि वर सांगितलं की वहिनींच्या प्रकृतीला ते मानवणार नाही. कमळाबाईनं तांदळाचा डबा न्याहाळून पाहिला. त्या हातानं आपल्याकडचंच काही गेलं नाही ना, अशी तिला शंका आली. गावाकडची माणसं बोटीतून उतरून दुसऱ्या पत्त्यावर जायला लागली. दगडू एकदा येऊन गेला. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, उद्यापासून खानावळीत जाईन, वैनीच्या पोटावर पाय नको. तिच्या पोटाचा उल्लेख त्यानं फार आदबीनं केला.

गिरणीत दत्तारामाला लोक जपायला लागले. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारायचं, कसं भागवतोस रे बाबा? खरं काय ते त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मग आपली बायको आपल्याच घरात इतके दिवस उपाशी होती आणि आपल्याला ते दिसलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा तो मान हलवायचा आणि म्हणायचा, भागवायचं कसंतरी. घरी आला की कौसल्येच्या आधी जेवायला बसायचं मात्र त्यानं सोडलं. तिला त्याचा त्रासच झाला, कारण समोर बसून तो तिच्या ताटाकडे बघत राहायचा.

कौसल्येला सुरुवातीला फार लाज वाटली. नळावर ती गेली की बायका गप्प व्हायच्या. जन्मभर टोपाची खरवड खाणाऱ्या बाईचं नाव भोईवाड्यात खादाड म्हणून झालं होतं, आणि ते पुसायचा कुठलाच मार्ग तिच्या विद्येत नव्हता. पुढं कुणाकडे बारसं असो, डोहाळजेवण असो, ती जाऊन बसली की वाढणारी तिच्याजवळ येऊन घोटाळायची, आजूबाजूच्यांकडे बघून गालात हसायची, आणि काही न विचारता तिच्या ताटात दोघींचं वाढून पुढं जायची.

एक-दोनदा कौसल्या नको म्हणाली. मग तिनं नको म्हणायचं सोडून दिलं.